तुमचं अकरा हजार आठशेचं बिल

नाना, तुम्ही गेल्याचं मला आईने फोन करून सांगितलं. मी ऑफिसात होतो, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. "अरे महेश, तुझे मानपाड्याचे नाना गेले," ती म्हणाली. "सोमवारीच. मला आज भाजीवालीकडून कळलं. तुला कसं कुणी कळवलं नाही? तू तर गाडी त्यांच्याकडेच नेतोस ना?"

"हो," मी म्हणालो. "घाईत राहून गेलं असेल."

तुम्ही गेलात हे ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलंच वाक्य खोटं होतं. तीन वर्षं झाली, मी तुमच्या गॅरेजात पाऊल ठेवलेलं नाही. आईला मात्र दर वेळी सांगत आलो, की हो, नानांकडेच टाकलीय गाडी; हो, बरे आहेत; तुझी आठवण काढत होते. ती तुमच्यासाठी दर उन्हाळ्यात कोकम आगळाची बाटली द्यायची, राजापूरहून आलेल्यांतली. डोंबिवलीहून ती बाटली मी ठाण्याला माझ्या घरी न्यायचो आणि ती आम्हीच संपवायचो. मग आईला सांगायचो, नानांना आवडलं.

आता तुम्हाला हे सांगून काही उपयोग नाही, मला कळतंय. तुमच्याशी सरळ बोलायला मला तीन वर्षं मिळालेली. तरी आज लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात काकींना सगळं सांगून आलो. त्यांना जेवढं सांगितलं तेवढं तरी तुम्हाला सांगायला हवं.

तुमची माझी पहिली भेट आठवते का? मे महिना, दुपारचे दोन. नवी कोरी साडेतीनशे सीसीची गाडी, मागे आई बसलेली, आणि डोंबिवलीत मानपाडा रोडवर क्लचची केबल तुटली. नव्या गाडीची केबल तुटली म्हणून मी कंपनीला शिव्या घालत गाडी ढकलत होतो आणि आई डोक्यावर पदर घेऊन मागून चालत होती. तुम्ही गॅरेजातून बघितलंत आणि मला काही न विचारता आधी आईला म्हणालात, "आय, उन्हात कशाला? घरात जाऊन बस." गॅरेजला लागूनच तुमचं घर. काकींनी आईला पंख्याखाली बसवलं, ताक दिलं. अर्ध्या तासात दोघी मासळीवर बोलायला लागलेल्या, राजापूरची आणि इथली, कुणाकडे बोंबील चांगले मिळतात इथपर्यंत.

केबल बसवून झाल्यावर मी पाकीट काढलं. तुम्ही फक्त केबलचे पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर म्हणालात, "आयसमोर मजुरी घेत नाय. पुढच्या टायमाला एकटा ये, मग बग कशी कापतो." आई खूप हसलेली. घरी जाताना म्हणाली, हा माणूस सोडू नकोस.

पुढची चार वर्षं खरंच नाही सोडला. घोडबंदरला घर घेतलं तरी गाडी तुमच्याकडेच आणायचो, ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून. आईकडेही जाणं व्हायचं. तुम्ही कामाला हात लावायच्या आधी गाडी चालू करायला सांगायचात आणि मान कलती करून ऐकत राहायचात. "आयकलंस? टिक टिक करतंय ते टॅपेट." मला काही ऐकू यायचं नाही. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवायचात आणि दुसरं माझ्या कानाशी धरायचात, आणि मग ते यायचं, अगदी स्पष्ट. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. मला ऐकू आलं की तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

मला तुमचं एक कोडं कधी सुटलं नाही. तुमच्या घरची जमीन गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, तुमचे दोन्ही भाऊ मोठ्या गाड्यांतून फिरायला लागले. तुमच्याही वाट्याला खोल्या आलेल्या, भाडं यायचं. तुम्हाला तेलात हात घालायची काही गरज नव्हती. एकदा मी विचारलंही. तुम्ही म्हणालात, "घरात बसून काय करू? भारं मोजू?" आणि परत चाकाखाली वाकलात.

हे मला माहीत होतं, नाना. तुम्हाला पैशांची गरज नाही हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी पुढे जे केलं ते केलं.

गाडीचे तीस हजार किलोमीटर होत आलेले. तुम्ही दोनदा सांगून झालेलं, की आता मोठी सर्विस करायला लागेल. मी मनाशी तीन-साडेतीन हजार धरून आलो. तुम्ही गाडी फिरवून आणलीत, पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे हलवून बघितलंत, चेन बोटाने दाबलीत आणि आकडा सांगितलात. अकरा हजार आठशे.

मला वाटलं चेष्टा करताय.

"नाना, नेहमी तर बाराशे-पंधराशे होतात."

"ती तेल बदलाची सर्विस. ही मोठी हाय. काय काय झिजलंय ते बदलाचं, परत पाच वरीस बगायला नको."

मी म्हणालो, मला एकेक आकडा वेगळा लिहून द्या. माझी नोकरीच तसली. मी कंपनीच्या खरेदी विभागात. माल पुरवणारे लोक समोर बसतात, दर सांगतात, आणि मी तो दर खाली आणतो. त्यातच मला बढत्या मिळालेल्या. कुणी आकडा सांगितला की माझं पहिलं काम म्हणजे तो ऐकून दचकल्याचा चेहरा करणं. तुमच्यासमोर मी तोच चेहरा केला.

तुम्ही चष्मा लावलात, कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलंत आणि त्याच्या पाठीमागे लिहायला बसलात. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, दोन हजार पन्नास. एअर फिल्टर आणि प्लग, साडेसहाशे. चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट, एकोणचाळीसशे. पुढचे-मागचे ब्रेक पॅड, तेराशे. पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे फोर्क, त्यातलं तेल आणि सील, अकराशे. हँडल ज्याच्यावर वळतं त्या बेअरिंगच्या वाट्या, तुम्ही त्याला कोनसेट म्हणायचात, सहाशे. मजुरी बावीसशे. प्रत्येक ओळ तुम्ही मोठ्याने वाचलीत आणि ती गोष्ट गाडीवर कुठे आहे ते बोट लावून दाखवलंत. सहावीतल्या मुलाला समजेल असं. मी ऐकत नव्हतो. मी कुठली ओळ खोडता येईल ते शोधत होतो.

"बावीसशे मजुरी जास्त आहे."

"दीड दिवस मी ह्या गारीवर बसनार. तुना दीड दिवसाचं हापिसात काय भेटतं?"

मी हसून विषय बदलला. बावीसशेच्या कितीतरी वर मिळत होतं.

"थांब हितं," तुम्ही म्हणालात. "बग काय करतो ते. बसून बग."

मी अर्धा तास बसलो असेन. मग ऑफिसचा फोन आला आणि मी गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी न्यायला आलो तेव्हा तुम्ही एक जाड पिशवी पुढे केलीत. जुनी चेन, जुने पॅड, सील, त्या वाट्या, सगळं पुसून भरलेलं. "तुझा माल. बगून घे."

मी म्हणालो, "हे भंगार घेऊन कुठे जाऊ?" आणि पिशवी तिथेच ठेवली. अकरा हजार आठशे फोनवरून पाठवले. नीट निरोपही घेतला नाही.

सोमवारी जेवताना ऑफिसातला एकजण म्हणाला, माझी मोठी सर्विस बत्तीसशेत झाली. त्याची गाडी शंभर सीसीची, चेन-स्प्रॉकेट बदललेलेच नव्हते. हे मी विचारलं नाही. मला फक्त बत्तीसशे आणि अकरा हजार आठशे ऐकू आलं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला खरेदीत कुणी गंडवू शकत नाही, त्याला मानपाड्याच्या गॅरेजात गंडवलं. पैसे गेल्याचं एवढं लागलं नव्हतं, नाना. चार लोकांत मी मूर्ख ठरेन याचं लागलं.

ठाणे-कल्याणच्या मोटारसायकलवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे फोनवर. त्यात मी तुमच्या बिलाचा फोटो टाकला. वर लिहिलं, मानपाड्याच्या एका गॅरेजने कसं लुटलं ते बघा. आणि लिहिलं, की जुने पार्ट दाखवले नाहीत, बदलले की नाही देव जाणे.

ते वाक्य लिहिताना ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती. हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. रागात लिहिलं, गैरसमज झाला, असं काही म्हणता येणार नाही. पिशवी होती, तुम्ही पुढे केलेली, मी ती नाकारली, आणि मग लिहिलं की दाखवले नाहीत. कारण त्या वाक्याशिवाय तुमच्या बिलात लुटल्यासारखं काही दिसतच नव्हतं.

लोकांना मजकूर फार आवडला. शंभरेक अंगठे. "धन्यवाद भावा, डोळे उघडले." मग एकाने विचारलं, मग मोठ्या सर्विसला किती द्यायचे? मला तेव्हा थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. मी एक यादी बनवली. कुठल्या कामाला किती द्यायचे, काय नाकारायचं. त्यातला एकही दर मी कुणाला विचारून लिहिलेला नव्हता. तुमचेच आकडे घेतले, ऑफिसात करतो तसे तीस-चाळीस टक्के खाली आणले. फोर्क सील आणि कोनसेट यांच्यापुढे लिहिलं, गरज नसते, मेकॅनिकची युक्ती. आणि शेवटी ठळक अक्षरांत, साडेचार हजारांच्या वर एक रुपया देऊ नका.

ती यादी ग्रुपमधून बाहेर गेली. पुढे पाठवताना त्यावरचं माझं नाव गळालं, तुमच्या बिलाचा फोटो मात्र सोबत जात राहिला.

तुमचा फोन पंधरा दिवसांनी आला. मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला.

"महेश, एक मेसेज फिरतंय. मना चार जणांनी दाखवला. त्यात माझे बिलाचा फोटो हाय."

मी मीटिंगच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"तुझे गारीचं बिल हाय ते."

"नाना, मी ते बिल एका मित्राला पाठवलेलं," मी म्हणालो. "त्याने टाकलं असेल. मला काही कल्पना नाही."

 तिकडे मागे कुणीतरी गाडी रेस करत होतं, ते ऐकू येत होतं.

"बरं," तुम्ही म्हणालात. "मंग त्या मित्राला सांग, गारी घेऊन ये. त्याचे समोर खोलतो. फोर्क खोलतो, कोनसेट खोलतो, काय बदललंय ते बगू दे त्याला. परत बांधून देतो. पैसे नाय घेनार."

"सांगतो," मी म्हणालो.

"आय बरी हाय ना?"

"बरी आहे."

तुम्ही अजून दोनदा फोन केलात. दोन्ही वेळा मी उचलला नाही.

नंतर गाडी मी घोडबंदरच्याच एका चकचकीत सर्विस सेंटरमध्ये टाकायला लागलो, तेल बदलायला. ग्रुपमध्ये मला मान होता. कुणाला खर्चाची शंका आली की लोक मला विचारायचे, आणि मी उत्तर द्यायचो. फोर्कमध्ये काय असतं हे मला आतून कधीच माहीत नव्हतं, तरी सांगायचो.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर गाडी पुढून थोडी हलायला लागली. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक मेकॅनिक आहेत, कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. तिथे गेलो. त्यांनी पुढचं चाक काढलं, बघितलं आणि म्हणाले, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, बाकी काही नाही. मग फोर्ककडे बघत म्हणाले, "हे कुणी केलंय?"

"का?"

"हात चांगला आहे. सील कंपनीचे टाकलेत, तेल अजून ठीक आहे. कोनसेटही बदललेला आहे. नाहीतर लोक ह्याला हातच लावत नाहीत." मग ते मागच्या चाकाकडे वळले, चाक फिरवून ऐकलं. "मागचं बेअरिंगही बदललंय वाटतं. पुढचं तेव्हा बरं असणार, म्हणून ठेवलं."

मी घरी आलो आणि फोनमध्ये तुमचं बिल शोधलं. कॅलेंडरच्या पाठीमागचं तुमचं अक्षर. सात ओळी. मागच्या बेअरिंगची ओळ नव्हती. तुम्ही ते बदललंत आणि लिहिलं नाहीत. का लिहिलं नाहीत ते मला कधीच कळणार नाही. विसरलात, की मी आकड्यांवर एवढी घासाघीस केल्यामुळे बोलायचं टाळलंत?

त्या मेकॅनिकना मी विचारलं होतं, हे सगळं काम आज करायचं तर किती होतील? ते म्हणाले, सामानाचे भाव वाढलेत, साडेतेरा-चौदा धरा, आणि दीड-दोन दिवस गाडी सोडायला लागेल. तिथे काम पहिल्यांदाच करून घेत होतो, तरी त्या दिवशी त्यांच्याशी एका रुपयाचीही घासाघीस केली नाही.

त्याच दिवशी मी ग्रुपमधला माझा जुना मजकूर पुसायला गेलो. इतक्या दिवसांनी तो फक्त माझ्याच फोनमधून पुसला जात होता. बाकी सगळ्यांकडे तसाच राहणार होता. मी माझ्यापुरता पुसला. खोटं सांगणार नाही, मला थोडं बरंही वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे यायला निघालेलो. हे तुम्हाला माहीत नाही. मानपाड्यापर्यंत आलो, गाडी समोरच्या बाजूला उभी केली. तुम्ही खूप बारीक झालेलात. स्टुलावर बसून एका स्कूटरचं काम करत होतात. गॅरेजात दुसरी गाडी नव्हती. पूर्वी रविवारी तिथे फुटपाथपर्यंत गाड्या लागायच्या. एक माणूस आला आणि त्याने तुमच्यासमोर फोन धरला. तुम्ही हात पुसलेत, चष्मा लावलात, फोन हातात घेऊन वाचलंत, बराच वेळ. मग मान हलवून फोन परत दिलात. तो माणूस काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता. तुम्ही खाली बघत होतात. मग तो गाडीला किक मारून निघून गेला.

त्याने तुम्हाला माझीच यादी दाखवली की दुसरं काही, मला ठाऊक नाही. रस्ता ओलांडून विचारलं असतं तर कळलं असतं. पंचवीस पावलांचं अंतर होतं. मी गाडी वळवली आणि आईकडे गेलो. तिने विचारलं, नानांकडे जाऊन आलास का? मी म्हणालो, हो.

तुमच्या बाराव्याला आई मला घेऊन आली. मी नाही म्हणू शकलो नाही. काय कारण देणार होतो? मांडवात तुमचे भाऊ होते, गल्लीतले लोक होते. आई काकींच्या शेजारी जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझा महेश गाडीची सगळी कामं नानांकडूनच करून घ्यायचा हो. शेवटपर्यंत. दुसरीकडे कुठे गेला नाही."

काकींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग आईला म्हणाल्या, "जेवून जा."

मी पानावर बसलो, नाना. वाढलेलं सगळं खाल्लं. तुमच्या पुतण्याने आग्रह केला तर भात परत घेतला. नाही म्हणायलाही तोंड उघडायला लागलं असतं.

चार दिवसांनी एकटा आलो. सकाळची वेळ होती, काकी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. गॅरेजचं शटर खाली. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, कारण त्यांनी बस म्हटलं असतं तर मला बोलता आलं नसतं. मेसेज मी लिहिला, यादी मी बनवली, पिशवी दाखवलेली असून दाखवली नाही असं लिहिलं, नाना फोनवर विचारत होते तेव्हा मित्राचं नाव पुढे केलं. वर्षभरापूर्वी मला कळलं की काम पुरं केलेलं होतं, उलट जास्तच केलेलं होतं, तरी मी आलो नाही. सगळं सांगितलं. काकींचा हात सुपात थांबला नव्हता.

माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना ठावं होतं."

"काय?"

"मित्र-बित्र कोन नाय, तूच लिवलंस, ते. तुझा फोन ठेवला तवाच मना बोलले, पोरगा खोटं बोलतोय." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "त्या दिशी जेवले नाय. मी बोलले, जाऊन त्याला चार लोकांत विचारा. तर बोलले, त्याचे आयला काय वाटंल?"



"तवाच सांगितलं असतंस तर दोन घास जेवले असते," काकी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मला वाटतं, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

"मना सांगून काय व्हनार? ज्यांना लिवलंस त्यांना लिव."

आणि सूप उचलून त्या आत गेल्या. दार लावलं नाही, पण मला आत बोलावलंही नाही. मी निघालो.

तिथून सरळ आईकडे गेलो. तिला सांगायला काकींपेक्षा जास्त वेळ लागला. कोकमाच्या बाटल्यांचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला तिथे त्या बाईच्या पुढ्यात काय बोलायला लावलंस रे तू." दोन दिवस तिने माझा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, पण तुमचा विषय काढला नाही.

मग मी ग्रुपमध्ये लिहिलं. माझ्या नावाने, सगळं. तुमचं कॅलेंडरच्या पाठीमागचं बिल परत टाकलं आणि या वेळी एकेक ओळ समजावून सांगितली, तुम्ही मला सांगितलेलीत तशी. चेन-स्प्रॉकेट तिन्ही एकदम का बदलायचे. फोर्कचं तेल काळं झाल्यावर ब्रेक मारताना गाडी का खाली बसते. कोनसेट झिजला की हँडल सरळ धरूनही गाडी हवी तिथे का जात नाही. साडेतीनशे सीसीच्या गाडीला तीस हजार किलोमीटरवर मोठ्या सर्विसचे बारा-चौदा हजार होणार, चेन अजून चांगली असेल तर आठ-नऊमध्येही भागेल, आणि त्यातले दोन-अडीच हजार मजुरीचे असणार, ते कापू नका, कारण तो माणूस दीड दिवस तुमच्याच गाडीवर बसलेला असतो. जुने पार्ट मागून घ्या, आणि त्याने आपणहून दिले तर नीट बघा. मी लिहिलं, की मला दाखवले होते, मी खोटं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की नाना गेल्या महिन्यात वारले.

फार कुणी काही बोललं नाही. पहिल्या वेळी शंभरेक अंगठे आलेले, आता नऊ आले. दोघांनी हात जोडले. एकाने खासगीत लिहिलं, की कशाला स्वतःची लाज काढतोस, कुणाच्या लक्षातही नव्हतं. एकजण म्हणाला, मी तुझी यादी घेऊन त्यांच्याकडे गेलेलो, ते म्हणाले एवढ्यात नाही होणार, मी दुसरीकडून करून घेतलं. तो त्या दिवशी मी पाहिलेला माणूस असेल का? मी विचारलं नाही.

मला वाटायचं, हे लिहून झालं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही आयुष्यभर जे काम नीट केलंत त्यालाच मी खोटं म्हटलं. माझं म्हणणं खोटं ठरवायला तुम्ही एकच साधी गोष्ट मागितलीत, की गाडी घेऊन ये, खोलून दाखवतो. माझ्याकडे गाडी होती, रस्ता माहीत होता, रविवारी सुट्टी होती. मला फक्त यायचं होतं, आणि तुम्ही बहुतेक चहाही दिला असतात.

काल दुपारी ग्रुपमध्ये अजून एक उत्तर आलं. कल्याणचा कुणी मुलगा आहे, माझ्यासारखीच साडेतीनशेची गाडी. त्याने लिहिलं, "दादा, असा प्रामाणिक माणूस शोधतच होतो. माझे पण तीस हजार झालेत. मानपाड्याचा पत्ता पाठवा ना, ह्या रविवारी गाडी त्यांच्याकडेच टाकतो."

त्याने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

 मी त्याला पत्ता पाठवला नाही, नाना. त्याला फोन लावला, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं.